मागाजवळ उभं राहून जोखीम कशी मोजायची: सोलापुरातल्या छोट्या कापड कारखान्यासाठी

चोवीस माग, आडव्या धाग्याच्या कांड्या भरणारी दोन कांडी मशीन, उभे धागे बीम नावाच्या मोठ्या रुळावर गुंडाळणारं एक वार्पिंग, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये डाइंग (रंगाई) आणि माडीवर मालकाचं घर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि शहराच्या पूर्व भागात या मांडणीचे कारखाने ओळीने आहेत. अशा ठिकाणी नव्याने सुपरवायझर झालेल्या किंवा वडिलांच्या कारखान्यात नुकतंच लक्ष घालू लागलेल्या माणसासाठी हा लेख आहे. सल्लागार बोलवायची गरज नाही. दोनशे पानी वही, पेन्सिल, टॉर्च आणि तीन दिवसांतले मिळून सात-आठ तास पुरतात.

आधी दोन शब्द वेगळे करू. धोका म्हणजे इजा करू शकणारी गोष्ट: फिरता पट्टा, कॉस्टिकचा (कातडी भाजणाऱ्या कॉस्टिक सोड्याचा) ड्रम, उघडी वायर. जोखीम म्हणजे त्या गोष्टीमुळे इजा होण्याची शक्यता आणि ती किती मोठी असेल, याचा एकत्र हिशोब. कुलपात ठेवलेला कॉस्टिकचा ड्रम धोक्याचाच आहे, पण त्याची जोखीम कमी. तोच ड्रम उघडा, वाटेत, शेजारी मग ठेवलेला असेल तर जोखीम मोठी. धोके बहुतेकांना दिसतात. हिशोब मांडायचा राहतो, म्हणून पैसा भलत्याच ठिकाणी खर्च होतो. दारावर चकचकीत पाट्या लागतात आणि मागाचा गार्ड तुटलेलाच राहतो.

पहिली पायरी: फेरी, पण चुकीच्या वेळी

सकाळी अकराला, सगळं सुरळीत चालू असताना फिरलात तर काही सापडणार नाही. माग नीट चालत असतो तेव्हा विणकर दोन हात लांब असतो. हात आत जातो तो धागा तुटल्यावर, बीम चढवताना, साफसफाईत, तेल घालताना आणि वीज जाऊन परत आल्यावर. म्हणून तीन फेऱ्या मारा. एक पाळी बदलताना, एक साफसफाईच्या दिवशी, एक रात्रपाळीत पहाटे तीन-साडेतीनला. पहाटेची फेरी टाळू नका. झोपेने जड झालेला माणूस काय काय करतो आणि रात्री कुठलं दार बंद असतं, हे दिवसा कळत नाही.

प्रत्येक यंत्रापाशी दहा मिनिटं नुसतं उभं राहा आणि एकच प्रश्न मनात ठेवा: इथं हात कधी जातो? वीज आल्याबरोबर माग आपोआप सुरू होतो का, तेही पाहा. स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती स्टार्टर सोडते आणि बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. ‘सारखं बटण कोण दाबणार’ म्हणून ती बायपास केलेली किंवा हिरवं बटण दोरीने बांधून ठेवलेलं आढळतं. वीज गेल्याची संधी साधून माणूस रुई काढायला वाकतो आणि तेवढ्यात वीज येते. ही नोंद वहीत सगळ्यात वर लिहा.

मग माणसांशी बोला. ‘काही अडचण आहे का?’ असं विचारलंत तर ‘काही नाही साहेब’ हेच उत्तर मिळेल. नेमकं विचारा: शेवटचा धोटा (कांडी घेऊन मागात इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा) कधी उडाला? कुठल्या मागाचा? कुठे जाऊन पडला? जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, विचारा की कोणता माग सारखा दुरुस्तीला येतो. कांडी भरणाऱ्या मावशींना विचारा की पदर कधी अडकला होता का. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारे कामगार भरपूर आहेत, एमआयडीसीत हिंदी बोलणारे परप्रांतीयही आहेत. प्रश्न त्यांच्या भाषेत विचारणारा माणूस सोबत घ्या. सूचनांच्या पाट्याही त्या त्या भाषेत हव्यात, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र हवं.

दुसरी पायरी: एक धोका, एक ओळ

ओळीत चार गोष्टी हव्यात: कुठे, काय, कुणाला, कशामुळे. ‘मशीनचा धोका’ हे लिहिणं वाया गेलं. ‘माग नंबर ७, उजव्या बाजूने धोटा उडतो, माग ८ च्या विणकराला लागू शकतो, पिकर (धोट्याला धक्का देणारा भाग) झिजलाय आणि बाजूची जाळी नाही’ असं लिहिलंत की काय करायचं ते ओळीतच आलं. कारखान्यात कामाला नसलेली माणसंही यादीत धरा: सूत आणणारा टेम्पोवाला, वायरमन, माडीवरची मुलं, पावसाळ्याआधी पत्रे बदलायला येणारे मजूर.

या शेवटच्यांबद्दल थोडं जास्त. सिमेंटचे पत्रे वरून धडधाकट दिसतात, पण माणसाचा भार पडला की एकदम फुटतात. पायाखालच्या जागेवर भरवसा ठेवून माणूस थेट मागांवर पडतो. त्यांना चढू देण्याआधी दोन-तीन पत्र्यांवर आडव्या फळ्या, पक्क्या आधाराला अडकवलेला पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट आणि खालचे माग बंद, या तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत. मजूर ठेकेदाराचे असले तरी छत तुमचं आहे.

तिसरी पायरी: आकडा द्या

शक्यतेला १ ते ५ गुण. जवळपास दर आठवड्याला घडतं किंवा घडता घडता राहतं ते ५, महिन्यातून एकदा ४, वर्षातून एक-दोनदा ३, काही वर्षांतून एकदा २, क्वचितच १. इजेलाही १ ते ५. पट्टी बांधून परत काम म्हणजे १, एक-दोन दिवस घरी २, टाके किंवा हाड मोडणं ३, बोट, डोळा, कान कायमचा जाणं ४, मृत्यू ५. दोन्हींचा गुणाकार करा. १५ किंवा जास्त आलं तर ते काम आजच थांबवून दुरुस्त करायचं. ८ ते १४ असेल तर पंधरा दिवसांची मुदत आणि जबाबदार माणसाचं नाव. त्याखाली असेल तर नजर ठेवायची.

उदाहरण घेऊ. माग ७ चा धोटा वर्षातून दोनदा उडतो, म्हणजे शक्यता ३. डोळ्याला लागला तर डोळा जाईल, म्हणजे इजा ४. जोखीम १२. पिकर बदलला, गार्ड आणि जाळी बसवली की शक्यता १ वर येते आणि जोखीम ४ होते. इथे नवखे लोक एक चूक हमखास करतात. उपाय केल्यावर ते इजेचा आकडाही खाली आणतात. गार्ड बसवल्याने धोट्याचं वजन किंवा वेग कमी होत नाही. तो सुटला तर तितकाच लागणार. इजेचा आकडा खाली येतो तो मूळ वस्तूच बदलली तर, म्हणजे धोट्याच्या मागाऐवजी रेपियर (धोट्याशिवाय चालणारा माग) आणला तर.

आणखी एक पथ्य: इजा ५ असेल तर गुणाकार कितीही लहान येवो, ती ओळ मुदतीच्या यादीतच ठेवा. बाहेरून कुलूप लावलेल्या दाराची शक्यता कागदावर १ दिसेल, गुणाकार ५ येईल. तो धोका पाचाच्या मोलाचा नाही.

चौथी पायरी: उपाय, वरून खाली

उपायांचा एक क्रम ठरलेला आहे. धोका काढून टाका. तो जमत नसेल तर सौम्य पर्याय आणा. मग यंत्रावर अडसर बसवा. मग कामाची पद्धत बदला. सगळ्यात शेवटी मास्क, हातमोजे, गॉगल. छोट्या कारखान्यात हा क्रम बहुतेक वेळा उलटा चालतो, कारण मास्क शंभर रुपयांत येतो. पण मास्क, शिस्त आणि पाटी यांना माणूस प्रत्येक वेळी जागा असावा लागतो. लोखंडी जाळीला तशी गरज नसते. म्हणून प्रत्येक ओळीपुढे स्वतःला विचारा: माणूस विसरला तरी हा उपाय चालेल का?

धोटा. तो लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड, आत भरलेली कांडी. उडण्याची कारणं मोजकीच आहेत: पिकर झिजणं, पिकिंग पट्टा सैल होणं, धोट्याच्या पेटीत जागा जास्त होणं, ताणा (उभे धागे) पुरेसा न उघडणं, तुटलेला धागा शेजारच्या धाग्यांत गुंतून वाट अडवणं, धोट्याच्या टोकाला चरा पडणं. जॉबरकडून आठवड्याला हे सहा मुद्दे प्रत्येक मागावर तपासून घ्या आणि वहीत खूण करा. फणीच्या वरच्या दांडीवर पूर्ण रुंदीचा गार्ड हवा, अर्धा नको. धोटा बहुतेक वेळा बाजूने सुटतो आणि शेजारच्या मागावरच्या माणसाला लागतो, म्हणून दोन मागांच्या मधे, टोकाला जाळी लावा. धोटा मधेच अडकला तर माग थांबवणारी यंत्रणा चालू आहे का, हेही पाहा. सारखा माग थांबतो म्हणून तीच काढून ठेवलेली सापडते.

धोट्याचीच आणखी एक सवय आहे, जी धोका म्हणून कुणी लिहीत नाही. नवी कांडी लावल्यावर भोकातून धागा तोंडाने ओढून घेणं. एकच धोटा दोन पाळ्यांत चार तोंडांना लागतो, आणि धाग्यावरची धूळ, रंग पोटात जातो ते वेगळंच. दहा-वीस रुपयांचा तारेचा आकडा प्रत्येक मागाला दोरीने बांधून ठेवा.

फिरते भाग आणि कुलूप. मोटरचा पट्टा, गिअर आणि वार्पिंगच्या बीमवर सूत आत ओढलं जातं ती जागा झाका. जाळीची भोकं इतकी बारीक हवीत की बोट आत गेलं तरी फिरत्या भागाला टेकू नये. पदर, ओढणी, सैल बाही, गळ्यातला गमछा यांना शेडमध्ये मनाई. त्याऐवजी कारखान्याने एप्रन द्यावा, म्हणजे वाद उरत नाही. चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करायची मुभा १९४८ च्या कारखाने अधिनियमाने फक्त खास शिकवलेल्या, घट्ट कपडे घातलेल्या आणि रजिस्टरात नाव असलेल्या प्रौढ पुरुष कामगाराला दिली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी २० कामगार असले की कारखाना धरला जातो. एकोणीस कामगार आहेत म्हणून गार्ड काढून ठेवता येतो, असा अर्थ कुणी काढू नये.

दुरुस्तीची पद्धत अशी ठेवा. माग बंद करा. मेन स्विच खाली करा आणि त्याला कुलूप लावा. किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात, जॉबरच्या टेबलावर नाही. ‘काम चालू आहे, हात लावू नका’ ही पाटी लटकवा. मग हिरवं बटण दाबून पाहा. माग हलला तर चुकीचा स्विच पाडलाय. वीज बंद केली म्हणजे सगळं थंड झालं असं नसतं. उचललेल्या चौकटी, ताणलेल्या स्प्रिंगा, जॅकार्डची (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) वजनं कधीही खाली येतात, त्यांना आधार द्या. दोघे काम करत असतील तर दोन कुलपं लावायची. ही सगळी खरेदी हजाराच्या आत बसते.

रुई आणि आग. टॉवेलच्या कारखान्यात रुईचा थर ट्यूबलाइटवर, मोटरच्या पाकळ्यांवर, केबलच्या ट्रेवर आणि पॅनलच्या आत बसतो. सैल जोडणीतून पडलेली एक ठिणगी या थरावरून पाहता पाहता छतापर्यंत धावते. १८ मे २०२५ ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत ८ जणांचा जीव गेला. त्यांत आवारातच राहणारी माणसं होती, लहान मूलही होतं. सोलापुरात हा धडा पुन्हा शिकायची वेळ येऊ नये म्हणून पुढचं नीट वाचा.

रुई प्रत्येक पाळीच्या शेवटी जमिनीवरून काढा, आठवड्याला छत आणि ट्यूबवरून, आणि वीज पूर्ण बंद करून महिन्याला पॅनलच्या आतून. हवेच्या पाइपने उडवलेली रुई गेली असं वाटतं, पण ती छातीत आणि पॅनलमध्ये जाऊन बसते. व्हॅक्युम परवडत नसेल तर झाडणी चालेल. हवा वापरावीच लागली तर दाब २ किलोपर्यंत खाली आणा, डोळ्यांना गॉगल लावा आणि अंगावरचे कपडे त्या हवेने कधीच झाडू नका. पॅनलमध्ये फ्यूजच्या जागी जाड तार, हाताला गरम लागणारी जोडणी किंवा काळपट डाग दिसला की तीच तुमच्या यादीतली पहिली ओळ. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) हातातल्या अवजारांच्या आणि ओल्या जागेच्या लाइनवर हवीच. अर्थिंगचा रोध साधारण ५ ओहमच्या आत ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची जमीन तडकते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला पाणी ओता, नाहीतर पावसाळ्यात मोजलेला आकडा उन्हाळ्यात उपयोगाचा नाही.

शहरात बिडी घरोघरी वळली जाते, तिथे ‘धूम्रपान निषिद्ध’ची पाटी एकटी काही करत नाही. माणूस गोदामाच्या मागे जाऊन ओढतो आणि तिथेच गाठी असतात. बाहेर, वाळूच्या डब्यासह एक ठरलेली जागा द्या.

अग्निशामक: शेडसाठी ६ किलोचे एबीसी पावडरचे, पॅनलजवळ कार्बन डायऑक्साइडचा. कुठूनही १५ मीटरच्या आत एक हाताशी यावा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, महिन्याला पाहा. वापरताना पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि डावी-उजवीकडे फिरवायचं. ६ किलोचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. पावडरने कापसाच्या गाठीची ज्योत विझते, आतली धग राहते आणि तासाभराने ती पुन्हा पेटते. गाठ बाहेर ओढून, फोडून, पाण्याने भिजवावी लागते.

दारं. समोरासमोर दोन, बाहेरच्या बाजूला उघडणारी. वाटेवर एक मीटर रुंद पिवळा पट्टा, त्यात ना गाठ ना ट्रॉली. रात्री चोरीच्या भीतीने बाहेरून कुलूप लावणं आजपासून बंद. आतून हाताने उघडणारी कडी बसवा आणि बाहेरून उघडलं तर घंटा वाजेल अशी सोय करा. माडीवर कुटुंब राहत असेल तर त्यांचा जिना शेडमधून न जाता थेट रस्त्यावर उतरला पाहिजे. ते शक्य नसेल तर घर हलवा. याला पर्याय लिहिण्यात अर्थ नाही.

डाइंग. कॉस्टिक पाण्यात घालायचं, थोडं थोडं. कॉस्टिकवर पाणी ओतलं की ते उकळून तोंडावर उडतं. ब्लीचिंगच्या द्रावणात ॲसिड मिसळलं की क्लोरीन सुटतो, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत आणि दोन्हींचे मग वेगळ्या रंगाचे. हायड्रॉसचं (रंगाईतल्या सोडियम हायड्रोसल्फाइट पावडरचं) पोतं ओलं झालं की आपोआप तापतं आणि पेटतं. ते लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर, गळक्या पत्र्याखाली नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा कॅन रुई, चिंध्या आणि तेलापासून लांब, आणि त्याचं हवा सोडणारं झाकण टेपने बंद करू नका, कॅन फुगून फुटतो. डोळ्यात काही उडालं तर सलग १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवायचं, पापणी बोटाने उघडी धरून, आणि त्यानंतर दवाखाना. म्हणजे डोळे धुवायचा नळ दहा पावलांवर हवा, शेडच्या दुसऱ्या टोकाला नको.

सांडपाण्याच्या टाकीत साफसफाईला माणूस उतरवू नका. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास आधी येतो, मग वायू वाढला की नाक तो वास पकडणं सोडतं आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. सक्शनची गाडी बोलवा. कुणी आत पडलाच तर १०१ वर फोन करा आणि बाहेर उभं राहून इतरांना अडवा.

बॉयलर असेल तर प्रत्येक पाळीत पाण्याची पातळी दाखवणारी काच ब्लो करून (नळ उघडून मोकळी करून) पाहा. पाणी काचेत दिसेनासं झालं तर थंड पाणी सोडायचं नाही, आधी आग काढायची. बाकीचं काम परवानाधारक अटेंडंटचं आहे.

आवाज, धूळ, उन्हाळा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर कानांना इजा होते आहे असं धरा. आपल्याकडची मर्यादा ८ तासांसाठी ९० डेसिबल आहे, ९५ ला ती ४ तासांवर येते. धोट्याच्या मागांची शेड सहज ही मर्यादा ओलांडते. सैल नटबोल्ट आवळणं, मागाच्या पायांखाली रबर, कांडी विभाग भिंतीआड हलवणं, हे आधी. कानात कापूस घालून काही होत नाही. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती जड होते आणि पुढे आठवड्यात बरं वाटतं, असं कुणी म्हणत असेल तर ते हवामान नाही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ती जुनी खूण आहे, त्याला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा.

सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याखाली बाहेरपेक्षा जास्त तापतं. दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी, तहान लागो न लागो. घाम खूप असेल तर लिटरभर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याला पाजत बसू नका. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, १०८ बोलवा.

पाचवी पायरी: वही जिवंत ठेवणं

प्रत्येक ओळीपुढे नाव, तारीख आणि झालं की सही. ‘मेंटेनन्स विभाग’ असं लिहू नका, अठरा माणसांच्या कारखान्यात विभाग नसतो. वहीची मागची पानं ‘थोडक्यात वाचलो’साठी ठेवा. धोटा उडाला पण लागला नाही, पाय घसरला पण पडला नाही, सगळं तिथे. नाव न लिहिण्याची मुभा द्या. नोंद केली म्हणून कुणाचा पगार कापला तर त्या दिवसापासून पानं कोरी राहतील. ४८ तास किंवा जास्त कामावर येता येणार नाही अशी इजा झाली तर ती कळवावीही लागते. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहतं.

पूर्ण फेरी वर्षातून दोनदा पुरे: मार्चमध्ये उन्हाळ्याआधी आणि मेअखेर पावसाआधी. शिवाय नवं यंत्र आलं, नवं रसायन आलं, मोठी ऑर्डर म्हणून तिसरी पाळी सुरू केली किंवा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत बदली माणसं लावली, की तेवढ्या भागाची लगेच. बदली माणसाला पहिल्या दिवशी तीनच गोष्टी दाखवा: लाल बटण, दार, आणि हात कुठे घालायचा नाही ती जागा.

सहा महिन्यांतून एकदा रात्रपाळीत दिवे बंद करून सगळ्यांना बाहेर काढा आणि घड्याळ लावा. बाहेर जमायची जागा ठरलेली हवी, फाटकाजवळ नको, तिथून बंब आत येतो. हजेरीची वही शेडच्या आत राहिली तर मोजणी होत नाही, म्हणून तिची एक प्रत वॉचमनकडे ठेवा. आणि मोजणी जुळेपर्यंत, मोबाइल राहिला म्हणून का होईना, कुणालाही परत आत सोडू नका.